बाजारात दिसते, पण घरी कधी केलेली नाही: पावसाळी रानभाज्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला पाऊस पडून आठवडा झाला की ठाणे, पनवेल, वसई, कर्जत या स्टेशनांबाहेर आणि पालघर-रायगडच्या आठवडी बाजारांत फडक्यावर हिरव्या जुड्या मांडून बसलेल्या बायका दिसू लागतात. जुड्या ओळखीच्या नसतात. माणसं थांबतात, बघतात आणि शेवटी मेथी-कोथिंबीर घेऊन पुढे जातात. गेली अनेक वर्षं मी या भाज्या आणते आणि करते. त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक दर जूनमध्ये मला जे विचारतात, ते इथे एका जागी लिहून ठेवत आहे.

नावही माहीत नसलेली भाजी दिसली, तर सुरुवात कुठून करायची?

विकणाऱ्या मावशींपासून. ती भाजी त्यांनी पहाटे तोडून आणलेली असते आणि बहुतेक वेळा आदल्या रात्री त्यांच्या घरी तीच शिजलेली असते. त्यांच्याइतकी खात्रीची माहिती दुसरीकडे मिळत नाही. फक्त "कशी करायची?" असं मोघम विचारलं की "कांद्यावर परतायची" एवढंच उत्तर येतं, कारण त्यांच्या दृष्टीने बाकीचं उघडच असतं. म्हणून मी नेहमी तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारते. यातला टाकायचा भाग कोणता? उकळून पाणी फेकायचं का? आंबट घालावं लागतं का?

बहुतेक रानभाज्यांमध्ये चुकू नये अशी एखादीच पायरी असते आणि ती या तीन प्रश्नांच्या उत्तरात सापडते. ती सांभाळली की फोडणी लसणाची द्या, खोबरं घाला, डाळ घाला, सुकट घाला, काहीही चालतं.

पहिल्यांदा करताना कोणती भाजी निवडावी?

टाकळा, कुर्डू किंवा कर्टोली. तिन्ही शिजवताना फसण्यासारखं काही नाही. कुर्डूची कोवळी पानं माठासारखीच परतायची, चवही कोणाला परकी वाटत नाही. त्यानंतर फोडशी आणि भारंगीकडे वळा. शेवळं आणि बांबूचे कोंब दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी करा, तेही आधी कोणीतरी करताना पाहून.

टाकळा नेमका कसा ओळखायचा आणि कसा करायचा?

टाकळ्याला विदर्भात तरोटा म्हणतात. एका देठावर पर्णिकांच्या साधारण तीन जोड्या असतात आणि प्रत्येक पर्णिकेचं टोक गोलसर असतं. संध्याकाळी या पर्णिका मिटतात, त्यामुळे दिवस कलल्यावर घेतलेली जुडी मलूल वाटते. ती शिळी असेलच असं नाही. टाकळ्याच्या जवळचंच एक झुडूप आहे, कासविंदा. त्याच्या पर्णिका जास्त असतात आणि टोकाला निमुळत्या होतात. त्याच्या बिया विषारी असतात, म्हणून हा फरक डोळ्यांत बसवून घ्या.

टाकळा कोवळा हवा, म्हणजे जून-जुलैचा. पिवळी फुलं धरली की पानं राठ होतात आणि वासही उग्र येतो.

दोन जुड्यांची पानं खुडून घ्या, देठ नकोत. पाव वाटी मुगाची डाळ अर्धा तास भिजवा. तेलात चार-पाच ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या आणि दोन हिरव्या मिरच्या घाला. लसणाला रंग आला की बारीक चिरलेला एक कांदा मऊ होईपर्यंत परता. मग डाळ आणि पाण्याचा एक हबका. डाळ बोटाने दाबली की चेपेल इतकी झाली, की चिरलेला टाकळा घाला. सुरुवातीला कढई ओसंडून वाहील असं वाटतं, पण दोन मिनिटांत तो तळाशी बसतो. मीठ घालायचं ते त्यानंतरच. आधी घातलं तर ढिगाच्या अंदाजाने पडतं आणि भाजी खारट होते. हे सगळ्याच पालेभाज्यांना लागू आहे. वरून ओलं खोबरं. कोकणात यात फणसाच्या उकडलेल्या आठळ्या घालतात. टाकळ्याच्या किंचित कडवटपणाला आठळीचा पिठूळ गोडवा इतका साथ देतो की घरात आठळ्या असतील तर डाळीच्या वाटेला जाऊ नका.

फोडशी तर गवतच दिसते. ती निवडायची कशी?

खरंच गवतासारखी दिसते. काही भागांत हिला कुलू किंवा कोळीची भाजी म्हणतात. खाली पांढरी, वर लांब हिरवी पाती. मी पहिल्यांदा आणली तेव्हा कांद्याच्या पातीसारखी सगळी चिरून टाकली. भाजी शिजली, पण प्रत्येक घासाला तोंडात दोरे येत राहिले. पुढच्या आठवड्यात त्याच आजींना सांगितलं, तर त्यांनी जुडीतलं एक रोप उचललं, पाती दोन बोटांनी फाकवली आणि मधोमध असलेली टणक दांडी ओढून बाहेर काढली. "ही काढली नाय तर दातात बसते," एवढंच म्हणाल्या. रोप परत जुडीत खोचलं.

तर ती दांडी काढायची. बुंध्याचा मुळांकडचा तुकडा कापून टाकायचा. पात्यांच्या बेचक्यात माती अडकलेली असते, म्हणून पाती सुटी करून मगच धुवायची. पुढे कांदा, भिजवलेली चणाडाळ, मिरची. चव सौम्य असते, त्यामुळे मसाल्यांची गर्दी करू नये. मला स्वतःला फोडशीची भजी आणि कोथिंबीरवडीसारख्या उकडून तळलेल्या वड्या भाजीहून जास्त आवडतात.

भारंगी फार कडू होते. काय चुकतं?

पाणी फेकलेलं नसतं, किंवा पानं जून असतात. भारंगीची अगदी कोवळी, शेंड्याकडची पानं घ्या. बारीक चिरून भरपूर पाण्यात पाच-सात मिनिटं उकळा, चाळणीत ओता, गार झाल्यावर मुठीत घट्ट पिळा. तरीही थोडा कडवटपणा राहतो आणि तो राहायलाच हवा. भिजवून मोड आणलेले वाल किंवा मूग सोबत घातले की तो बेताचा वाटतो. भारंगीच्या निळसर फुलांचीही भाजी होते, तीही अशीच उकळून पिळून.

इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. भारंगी मुळात कडू आहे, म्हणून तिचा कडूपणा चालतो. दुधी, दोडका, काकडी ही फळं मात्र कडू लागली तर एक फोडही खाऊ नका. त्यांच्यातला अवेळी आलेला कडूपणा हा विषारी घटक वाढल्याची खूण असते आणि तो शिजवून जात नाही. चिरण्याआधी टोकाचा छोटा तुकडा चाखायची सवय लावून घ्या.

शेवळं खाऊन घसा खवखवला. ती खायचीच नसतात का?

खायची असतात, आणि माझ्या मते पावसाळ्यातली सगळ्यात चवदार भाजी तीच. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरांत तर शेवळांची पहिली जुडी येण्याची वाट पाहतात. पण या भाजीत घाई चालत नाही.

शेवळं म्हणजे सुरणाच्या कुळातल्या रानटी कंदाचा फुलोरा. मे संपता संपता, पान यायच्या आधी, तो जमिनीतून तपकिरी-जांभळ्या कोंबासारखा वर येतो. त्यात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि ते जिभेला, घशाला टोचतात. अळू आणि सुरण खाजतात तेही याच कारणाने. उपाय दोन: जास्त खाजणारा भाग काढून टाकणं, आणि आंबट घालून नीट, वेळ देऊन शिजवणं.

शेवळं विकणाऱ्या बायका सोबत हिरवी, आवळ्याहून लहान फळं ठेवतात. ती काकडं. पुष्कळ लोक "ती नको, नुसती शेवळं द्या" म्हणतात आणि तिथेच चूक होते. काकडांचा आंबटपणा हा या भाजीचा भागच आहे. दहा-बारा शेवळांना तेवढीच काकडं घ्या.

हाताला तेल चोळून बसा. शेवळाचं वरचं आवरण सोला. आत दांडा असतो आणि त्यावर पिवळसर, दाणेदार पट्टा. तो पट्टा सुरीने पूर्ण काढून टाका. उरलेला भाग अगदी बारीक चिरा. काकडं ठेचून पाण्यात उकळा, कुस्करा आणि रस गाळून ठेवा. कढईत नेहमीपेक्षा सढळ तेल घेऊन चिरलेली शेवळं त्यांचा रंग गडद होईपर्यंत परता, मग कांदा, वाटलेलं आलं-लसूण, हळद, तिखट आणि काकडांचा रस. मंद आचेवर किमान वीस-पंचवीस मिनिटं शिजू द्या. शेवटी भाजलेल्या कांदाखोबऱ्याचं वाटण. कोळंबी किंवा खिमा घालायचा तर शेवळं पूर्ण शिजल्यावर. शाकाहारी घरात वाल किंवा चणाडाळ.

एका वर्षी काकडं कमी मिळाली म्हणून मी अर्ध्याच रसावर भागवलं. चव उत्तम होती, पण जेवणानंतर तासभर जिभेला टाचण्या टोचत होत्या. तेव्हापासून काकडं पुरेशी नसतील तर मी चिंचेचा दाट कोळ किंवा आमसुलं घालते, आणि तेही नसेल तर शेवळं त्या दिवशी करत नाही. तयार भाजी आधी स्वतः अर्धा चमचा खायची, दहा मिनिटं थांबायचं आणि मगच पानात वाढायची. खवखव जाणवली तर आणखी आंबट घालून पुन्हा शिजवा. कोणाचे ओठ-जीभ सुजली किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर घरगुती उपाय करत न बसता थेट दवाखाना गाठा.

बांबूचे कोंब कच्चे का खाऊ नयेत?

कारण त्यात सायनाइड तयार करणारा घटक असतो. कोंब चिरला, चेचला की तो सुटू लागतो. चांगली गोष्ट अशी की सुटलेलं विष पाण्यात उतरतं आणि वाफेबरोबर उडूनही जातं. म्हणून वरची सगळी आवरणं काढून पांढरट गाभा पातळ चिरायचा, रात्रभर पाण्यात ठेवायचा, सकाळी ते पाणी फेकून नव्या भरपूर पाण्यात वीस मिनिटं उकळायचा आणि तेही पाणी फेकायचं. उकळताना झाकण ठेवू नका आणि खिडकी उघडी ठेवा. चाखून कडू लागला तर पुन्हा एकदा उकळा. यानंतर भाजी, आमटी, लोणचं, जे हवं ते करा.

कर्टोली इतकी महाग का असते?

कर्टोलीचे नर आणि मादी वेल वेगवेगळे असतात. फळ फक्त मादीवेलाला धरतं, आणि तेही काटेरी झुडपांत शिरून एकेक खुडावं लागतं. दिवसभराच्या त्या फिरण्याचे पैसे आपण देत असतो. मी तिथे घासाघीस करत नाही.

कर्टोल्यांवरचे मऊ काटे सोलायचे नाहीत. ब्रशने किंवा हाताने चोळून धुवा, गोल काप करा, तव्यावर तेलात कुरकुरीत परता, मीठ आणि तिखट. बिया कोवळ्या असतील तर राहू द्या. फळ आतून पिवळं आणि बिया लाल झाल्या असतील तर त्या काढा. कारल्याच्या जातीची असली तरी ही भाजी कडू नसते, मुलं आवडीने खातात.

अंबाडी घातली की डाळ शिजतच नाही, असं का?

आंबटामुळे. आंबट पाण्यात डाळीचे दाणे मऊ व्हायला फार वेळ लागतो. डाळ आधी पूर्ण शिजवून घोटा आणि अंबाडी नंतर घाला. हेच चिंच, कैरी, घोळीची पालेभाजी या सगळ्यांबाबत. आणि अंबाडी ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात शिजवू नका, धातू आंबटात उतरतो. स्टीलचं पातेलं बरं. तांदळाच्या किंवा ज्वारीच्या कण्या घालून घोटलेली अंबाडी आणि वर लसणाची खमंग फोडणी, सोबत भाकरी. यात सुधारणा करायला मला आजवर काही सुचलेलं नाही.

एकाच भाजीची इतकी नावं कशी? इंटरनेटवर शोधलं की वेगळंच झाड दिसतं.

रानभाज्यांची नावं तालुक्यागणिक बदलतात, आणि कधी एकच नाव दोन वेगळ्या झाडांना असतं. घोळ आणि चिवळ एकच समजतात, पण चिवळीची पानं कितीतरी बारीक असतात. त्यामुळे नावावरून पाककृती शोधू नका. भाजी हातात घेऊन विचारा आणि घरी आल्यावर पानाचा, देठाचा, फुलाचा फोटो काढून ठेवा. दुसऱ्या वर्षी तो फोटो फार उपयोगी पडतो.

आम्ही ट्रेकला जातो. स्वतः तोडून आणली तर चालेल?

सोबत जाणकार स्थानिक माणूस असेल तरच. कळलावीचे कोंब याच दिवसांत वर येतात. तिच्या पानाचं टोक तणाव्यासारखं वळलेलं असतं, फूल लाल-पिवळ्या ज्वाळेसारखं सुंदर असतं आणि मुळापासून बीपर्यंत सगळं झाड जीवघेणं विषारी असतं. रानातले काही कंदही असे आहेत की आदिवासी घरांत ते काप करून, पुन्हा पुन्हा उकळून आणि वाहत्या पाण्यात ठेवून मगच खाल्ले जातात. ते पिढ्यांचं ज्ञान आहे, एका व्हिडिओतून घेता येत नाही.

हमरस्त्याच्या कडेचा, नाल्याजवळचा किंवा तणनाशक मारलेल्या शेताच्या बांधावरचा टाकळाही आणू नका. दिसायला तो अगदी टवटवीत असतो.

अळंब्यांचं काय? कांदा काळा पडला तर विषारी, असं ऐकलंय.

ती परीक्षा खोटी आहे. चांदीचं नाणं, लसूण, कांदा, किडे लागलेत की नाहीत, यांपैकी कशावरूनही विषारी अळंबी ओळखता येत नाही, आणि काही विषं शिजवूनही जात नाहीत. वर्षानुवर्षं ओळखीच्या असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या. तशी ओळख नसेल तर घेऊ नका.

धुवायची कशी आणि किती दिवस टिकते?

मोठ्या पातेल्यात पाणी घ्या, पानं बुडवून हलवा, दोन मिनिटं थांबा आणि पानं हाताने उचलून घ्या. पातेलं चाळणीत ओतलं तर तळाला बसलेली माती पुन्हा पानांवर येते. असं तीनदा. अळ्यांची शंका असेल तर मधलं एक पाणी मिठाचं.

साठवायची तर न धुता, कोरड्या कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये. पालेभाजी दोन दिवस, कर्टोली चार-पाच दिवस, शेवळं त्याच दिवशी. भारंगी आणि बांबूचे कोंब उकळून, पिळून फ्रीझरमध्ये ठेवता येतात.

रानभाज्या औषधी असतात. मग रोज खाव्यात का?

औषधी म्हणतात म्हणूनच बेताने खाव्यात. टाकळ्याने पोट साफ होतं, पण एकदम जास्त खाल्ला तर जुलाब होतात. एका दिवशी एकच नवी भाजी करा, म्हणजे काही त्रास झाला तर कशाने झाला ते कळतं. मुतखडा झालेल्यांनी घोळ, माठ, अळू, शेवळं यांबाबत डॉक्टरांना विचारावं. पालेभाजी उकळून पाणी फेकल्याने ऑक्सलेट कमी होतं, पण संपत नाही. गरोदर बाईला आणि अगदी लहान मुलांना ओळखीच्या, सौम्य भाज्याच द्या. कडू भाज्यांचे प्रयोग त्यांच्यावर नकोत.

एवढ्या भाज्या एका ठिकाणी पाहायला कुठे मिळतील?

राज्याचा कृषी विभाग ऑगस्टमध्ये, 9 ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास, जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. तिथे भाजी, तिचं नाव आणि शिजवलेला पदार्थ शेजारी शेजारी पाहायला मिळतो. एकदा तरी जाऊन या, वही घेऊन. मात्र तोवर शेवळं संपलेली असतात आणि टाकळा जून झालेला असतो.

आपण विकत घेतल्याने रानातली भाजी संपत नाही का?

हा प्रश्न मला हल्ली जास्त छळतो. पानं खुडली तर झाड पुन्हा फुटतं. पण शेवळं हा फुलोराच आहे, तो सगळाच तोडला तर बी धरत नाही. फोडशी कंदासकट उपटली तर त्या जागी पुढच्या वर्षी काही उगवत नाही. म्हणून मी शेवळं हंगामात दोनदाच घेते आणि कंद लटकत असलेली फोडशीची जुडी घेत नाही. का घेत नाही ते मावशींना सांगते. त्यांना ते माझ्याहून चांगलं माहीत असतं. बऱ्याचदा त्या स्वतःच सांगतात की हल्ली बाहेरची पोरं येऊन मुळासकट उपटून नेतात.

हंगाम चुकला तर?

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत शेवळं, जूनभर टाकळा आणि फोडशी, जुलैत भारंगी, कवळा नावाची पालेभाजी आणि बांबूचे कोंब, ऑगस्टमध्ये कर्टोली आणि चाईचा मोहर (चाई या रानवेलाचे फुलांचे तुरे), अंबाडी त्यानंतरही. पाऊस लांबला तर सगळंच आठ-दहा दिवस पुढे जातं. या वर्षीची शेवळं हुकली असतील तर पुढच्या मेअखेरपर्यंत थांबावं लागेल. कुर्डू मात्र अजून कोवळी मिळत असेल, उद्या सकाळी लवकर जाऊन बघा.